उरलेल्या बांधकाम-साहित्यातून झारा धुण्याची पन्हळ

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत घरांचे नूतनीकरण आणि चाळींचा पुनर्विकास एकाच वेळी चालू असल्यामुळे प्लायवूडचे तुकडे, पीव्हीसीच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचे अँगल, जाळ्या आणि रंगाचे रिकामे डबे ढिगाने उरतात. याच वस्तीत आणि शेजारच्या काळबादेवी-भुलेश्वरात दागिने घडवणारे लहान कारखानेही असल्यामुळे, या साहित्यातून सोने वेचण्याचे साधन स्वतः तयार करता येईल का, असा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. या प्रश्नात बहुधा दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. नदीच्या वाळूतून सोने शोधणे ही एक गोष्ट आणि कारखान्याच्या केरातून सांडलेले सोने परत मिळवणे ही दुसरी. साधन जवळजवळ एकच असले, तरी पहिलीला मुंबईत आधार नाही आणि कायद्याचीही अनुमती नाही, तर दुसरी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सोनाराच्या दुकानातील राख, केर आणि कानशीचा कीस मिळून जो माल साचतो त्याला झारा म्हणतात, तो धुऊन सोने काढणारा तो झारेकरी, आणि झवेरी बाजाराच्या बोलीत तोच न्यारिया. हे मार्गदर्शन मुख्यतः या झाऱ्यासाठी, म्हणजे एक-दोन कारागिरांच्या कारखान्यासाठी आहे.

सोने नेमके कोठे साचते

मुंबई बेटाचा खडक मुख्यतः ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला आहे आणि त्यात काढण्याजोगे सोने नाही. त्यामुळे चौपाटीची वाळू किंवा पायासाठी खणलेली माती धुऊन हाती काही लागणार नाही. कारखान्यात मात्र कानस, करवत आणि पॉलिशचे यंत्र यांतून रोज थोडे थोडे सोने उडत असते. कारागिराला वजन करून दिलेले सोने आणि त्याच्याकडून परत आलेला दागिना यांतील जी तूट मान्य केलेली असते तिला घट म्हणतात, आणि या घटीचा बराचसा भाग नाहीसा झालेला नसून खोलीतच कोठेतरी पडलेला असतो. पाटाखालचा चामड्याचा पदर आणि केरसुणी यांच्याकडे सर्वांचेच लक्ष असते, परंतु हात धुण्याच्या मोरीचा सापळा, बसण्याच्या चटया, कामाचे कपडे आणि दाराबाहेरचे पायपुसणे यांचा विसर पडतो.

जुन्या चाळींच्या वरच्या मजल्यांवरील कारखान्यांत तक्तपोशी असते, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असतात, आणि त्या फळ्यांच्या फटींत अनेक वर्षांचा कीस मेणासारखा घट्ट बसलेला असतो. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करताना या फटी पातळ पट्टीने खरवडून, निघालेला काळपट गाळ कागदावर घेऊन भिंगाखाली पाहिला, तर लाखेच्या आणि केसांच्या गुंत्यात पिवळे कण चिकटलेले दिसू शकतात. जागेचा ताबा देण्यापूर्वी हे काम उरकले नाही, तर तो सर्व माल राडारोड्याबरोबर जातो.

कोणते साहित्य उपयोगी पडते

धुण्याची सर्व क्रिया एकाच गुणावर चालते. शुद्ध सोने पाण्याच्या सुमारे १९.३ पट जड असते, बावीस कॅरटचे सोने १७ ते १८ पट, पितळ साधारण ८.५ पट, लोखंड ७.८ पट आणि साधी वाळू केवळ २.६५ पट, म्हणून वाहत्या पाण्यात वाळू पुढे जाते आणि सोने तळाच्या खाचेत अडकते. खाच, उतार आणि पाण्याचा संथ, सारखा प्रवाह एवढेच साधनाकडून हवे असल्यामुळे महागड्या यंत्राची गरज नसते.

- पन्हळीसाठी: विजेच्या वायरिंगची सुमारे १०० मिलिमीटर रुंदीची पीव्हीसी केसिंग पट्टी सर्वांत सोयीची, कारण तिचा तळ सपाट असतो. ती नसेल तर पाण्याला टिकणाऱ्या १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या तीन पट्ट्या जोडाव्यात. सांडपाण्याचा पाइप उभा चिरूनही पन्हळ होते, परंतु गोल तळात पाणी मधोमध वेगाने धावते आणि बारीक कण वाहून जातात.
- अडथळ्यांसाठी: अर्ध्या इंचाचा ॲल्युमिनियम अँगल किंवा लाकडी बीडिंगचे तुकडे.
- तळाच्या अस्तरासाठी: जिन्याच्या पायऱ्यांवर लावण्याच्या रेघांच्या रबराचा उरलेला तुकडा, अथवा जुन्या घोंगडीची पट्टी. खरखरीत लोकर बारीक सोने चांगले धरते. जॉर्जिया देशातील स्वानेती या डोंगराळ प्रदेशात ओढ्यांत मेंढीची कातडी पसरून सोने धरण्याची जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली होती.
- चाळण्यांसाठी: गवंड्याची वाळूची चाळणी आणि खिडकीची स्टीलची डासजाळी.
- पाण्यासाठी: वीस लिटरचे रंगाचे तीन-चार डबे आणि हवेच्या कूलरचा लहान पंप. पंप, रबर किंवा जाळी घरातल्या उरलेल्या साहित्यात नसेल, तर लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट येथे सुटी मिळते.

याखेरीज गवंड्याचे घमेले आवर्जून ठेवावे. उथळ, रुंद तोंडाचे आणि गोलसर तळाचे घमेले सोने धुण्याच्या थाळीचे काम उत्तम करते. मात्र सिमेंट खरवडून काढल्यावर ते साबणाने दोन-तीनदा स्वच्छ धुवावे, कारण तेलकट पृष्ठभागावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यावर तरंगू लागतात. चुंबक वापरायचे असल्यास लोखंडी घमेल्याऐवजी प्लास्टिकचे घ्यावे.

कोणते साहित्य हातीही धरू नये

चाळीच्या गच्चीवरून किंवा पडवीवरून काढलेले जुने सिमेंटचे पत्रे पन्हळीसाठी सोयीचे दिसतात, कारण त्यांना आयत्याच वळ्या असतात आणि ते फुकट मिळतात. हे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात, म्हणजे सिमेंटमध्ये एका खनिजाचे अतिसूक्ष्म तंतू मिसळून केलेले असतात. ते कापताना, भोक पाडताना किंवा तोडताना हे तंतू हवेत उडतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि कायमचे तेथे राहतात. त्यांपासून होणारा ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसाचा विकार आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पंधरा-वीस वर्षांनंतर, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतात. दहा बाय बाराच्या खोलीत असा एक पत्रा कापणे म्हणजे तेथे बसणाऱ्या प्रत्येकाला, शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलालाही, त्या धुळीत बसवणे होय. असा पत्रा अखंड ठेवावा, ओला करून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे विचारणा करून त्यांच्या सूचनेप्रमाणे द्यावा.

जुन्या सागवानी दारे-खिडक्यांचे लाकूड उत्तम असते, परंतु त्यांवरील ऑइल पेंटच्या जुन्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, या मर्यादेत ठेवण्याचा नियम २०१६ चा आहे. त्याआधीच्या रंगाचे लाकूड घासू नये आणि शेगडीत तर मुळीच जाळू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा केवळ पाण्यासाठी चालतो, तेजाबाजवळ चालत नाही.

पन्हळ बांधण्याची रीत

लहान कारखान्याच्या झाऱ्यासाठी तीन फूट लांब आणि चार इंच रुंद पन्हळ पुरते. याहून रुंद केल्यास कूलरच्या पंपाचे पाणी पातळ पसरते आणि वाळू पुढे सरकत नाही.

१. तळाशी रबराचे अस्तर असे अंथरावे की त्याच्या रेघा प्रवाहाला आडव्या येतील. ते चिकटवू नये, कारण प्रत्येक खेपेनंतर ते काढून डब्यात झटकायचे असते.

२. अस्तरावर अँगलचे तुकडे दोन-दोन इंचांच्या अंतराने आडवे बसवावेत आणि दोन लांब पट्ट्यांना जोडून त्यांची शिडीसारखी एकच चौकट करावी, म्हणजे ती एका हाताने उचलता येते. वरचा एक फूट अडथळ्यांशिवाय मोकळा ठेवावा, जेणेकरून पाणी संथ होऊन मगच माल खाचांपर्यंत पोहोचेल.

३. पन्हळीचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा प्रथम दोन इंच उंच ठेवावे. वाळू खाचांत गच्च बसत असेल तर उंची थोडी वाढवावी आणि खाचा पूर्ण रिकाम्या होत असतील तर कमी करावी. अडथळ्यामागे वाळू सैल राहून सतत हलत असेल, तर उतार योग्य आहे असे समजावे.

४. खालच्या टोकाशी डबे उतरत्या पायरीने मांडावेत आणि प्रत्येक डब्याच्या काठाशी भोक पाडून पाइपच्या तुकड्याने तो पुढच्या डब्याला जोडावा. गाळ पहिल्या दोन डब्यांत बसतो, शेवटच्या डब्यातील निवळलेले पाणी पंपाने पुन्हा वर जाते. ज्या चाळींत पाणी ठरावीक वेळीच येते तेथे ही फेरयोजना आवश्यकच आहे, आणि सोने मोरीतून निघून जाण्याची भीतीही तिने उरत नाही.

पंपाची जोडणी ३० मिलिअँपिअरला वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचमधूनच घ्यावी. ओल्या लादीवर उघडी वायर आणि अनवाणी माणूस हे चित्र कारखान्यांत इतके सवयीचे झाले आहे की त्यातील धोका कोणाला जाणवत नाही. तो जाणवायला हवा.

साधन तयार झाल्यावर खरा झारा लगेच त्यात घालू नये. जुना पितळी नळ कानशीने घासून त्याचा कीस वजन करून घ्यावा, ओंजळभर बारीक वाळूत मिसळावा आणि पन्हळीतून सोडावा. अस्तरात अडकलेला कीस वाळवून पुन्हा वजन केले की किती टिकला आणि किती वाहिला हे कळते. पितळ सोन्याच्या निम्म्याहूनही कमी जड असल्यामुळे, जी पन्हळ पितळ धरते ती त्याच जाडीचा सोन्याचा कीस अधिक खात्रीने धरते.

धुण्यापूर्वी आणि धुताना

झारा आधी उन्हात वाळवावा, त्यातील खडे आणि मोठे तुकडे हाताने वेचावेत, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक फिरवून करवतीच्या पात्यांचे लोखंडी तुकडे काढावेत. पिशवी उलटी केली की लोखंड आपोआप सुटते आणि चुंबक स्वच्छ राहते. लाख आणि मेण सोन्याच्या कणांना धरून ठेवत असल्यामुळे झारा गरम साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून घोटावा. त्यानंतर तो वाळूच्या चाळणीतून आणि मग डासजाळीतून काढून जाड व बारीक असे दोन भाग वेगवेगळे धुवावेत, कारण जाड खडे हलवण्याइतका प्रवाह बारीक सोन्यालाही घेऊन जातो.

पन्हळीत माल मूठमूठ सोडावा. शेवटी अस्तरातील काळा गाळ घमेल्यात घेऊन, पाण्याखाली आडवा हलवून, कड किंचित झुकवून वरचा हलका थर सावकाश ओतत जावे. चमचाभर गाळ उरला की घमेले गोल फिरवावे. काळी कणी पुढे पसरते आणि तिच्या मागे पिवळी बारीक शेपूट राहते. येथे घाई करणारा माणूस दिवसभराचे श्रम दोन मिनिटांत ओतून टाकतो, म्हणून हे शेवटचे धुणे नेहमी दुसऱ्या डब्यावर धरूनच करावे. धुऊन गेलेला गाळ कधीही फेकू नये, तो वेगळा साठवून पुन्हा एकदा धुवावा.

या साधनाची मर्यादाही स्पष्ट असावी. पन्हळ कानशीचा आणि करवतीचा कीस धरते, परंतु पॉलिशच्या चाकावरून उडालेली धूळ इतकी सूक्ष्म असते की ती पाण्यात तरंगत निघून जाते. पॉलिशच्या डब्यातील कापूस व धूळ, तसेच जुनी बफची चाके न धुता वेगळी साठवून शुद्धीकरण करणाऱ्याला वजनावर द्यावीत. महिन्याकाठी साचणारा झारा मूठभरच असेल, तर पन्हळीचाही खटाटोप करू नये. घमेले आणि दोन डबे पुरेसे आहेत.

पारा, तेजाब आणि धूर

बारीक सोने गोळा करण्यासाठी झाऱ्यात पारा घोटून, मग तो तापवून उडवून देण्याची रीत जुनी आहे, आणि ती पूर्णपणे सोडून द्यावी. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, त्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो. ती मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे बिघडवते आणि गर्भातील बालकापर्यंत पोहोचते. शिवाय खोलीच्या फटींत उतरलेला पारा वर्षानुवर्षे हवेत मिसळत राहतो. सोन्याच्या लहान खाणकामातील पाऱ्याचा वापर घटवण्यासाठी मिनामाटा करारात स्वतंत्र तरतूद आहे आणि भारताने तो करार २०१८ मध्ये मान्य केला आहे.

सोन्याला डाग देताना, म्हणजे जोडकाम करताना, ज्या कारखान्यात पूर्वी केडीएम, म्हणजे कॅडमियम मिसळलेला डागाचा धातू, वापरला जात असे, तेथील जुन्या झाऱ्यात कॅडमियम असू शकते. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते आणि सोने १,०६४ अंशांना वितळते. म्हणजे मूस लाल होऊन सोने वितळण्याच्या आधीच विषारी धूर निघून जातो आणि तो फुंकणीजवळच्या माणसाच्या छातीत शिरतो. असा झारा घरी गाळू नये. नायट्रिक ॲसिड, म्हणजे बाजारातील तेजाब, आणि सायनाइड यांचीही हीच गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर ओळखपत्र आणि नोंदीचे बंधन आले आहे, आणि वापरलेले तेजाब मोरीत ओतणे हा शेजाऱ्यांवर आणि गटारात उतरणाऱ्या कामगारांवर अन्याय आहे. महापालिकेच्या सी विभागाने काळबादेवी-भुलेश्वर भागातील सोने-चांदी गाळणाऱ्या गाळ्यांच्या धुराड्यांवर केलेली कारवाई लक्षात घेता, राहत्या इमारतीत नवी भट्टी लावण्याचा विचारही करू नये. झारा धुण्यापर्यंतचे काम आपले आणि गाळण्याचे काम परवाना असलेल्या शुद्धीकरण केंद्राचे, अशी वाटणी ठेवावी.

झाऱ्यावर हक्क कोणाचा

कारागीर, कारखान्याचा मालक आणि सोने देणारा सराफ यांच्यातील बहुतेक वाद येथेच सुरू होतात. तोंडी व्यवहारात घट कारागिराच्या वाट्याची आणि झारा मालकाचा, अशी समजूत असते, पण ती सर्वत्र सारखी नाही. म्हणून सोने देताना जी पावती केली जाते तिच्यातच घटीचे प्रमाण आणि झाऱ्याचा धनी कोण, ही दोन वाक्ये लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. जागा भाड्याची किंवा पागडीची असेल, तर ताबा देण्यापूर्वी जमिनीच्या फटींतील झारा काढून नेण्याची मुदत विकासकाकडून लेखी घ्यावी. फळ्या उखडायच्या असतील तर लेखी संमतीशिवाय हात लावू नये, कारण झारा आपला असला तरी फळी आपली नसते.

चाळ पाडताना भिंतीत किंवा जमिनीत दडवलेले दागिने अथवा नाणी सापडली, तर ती झारा ठरत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कोणत्याही वस्तूत दडलेले दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. मुंबई शहराचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टमधील जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे. ते धन बेवारस ठरले आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर कायदा शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश वाटा देतो. लपवून ठेवणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते, म्हणून खोदकामावरील मजुरांनाही हा हक्क समजावून सांगणे आवश्यक आहे.

रस्त्याकडेच्या गटारातील गाळ धुण्याची परंपरा झवेरी बाजारात असली, तरी मॅनहोलमध्ये माणूस उतरवणे ही वेगळीच गोष्ट आहे. संरक्षक साधनांविना गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि तेथील विषारी वायूने क्षणात मृत्यू येतो. कितीही सोन्याच्या आशेने कोणालाही तेथे पाठवू नये.

पन्हळ घेऊन नदीकाठी जाता येईल का

विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी समाजाची माणसे ओढ्या-नद्यांची वाळू धुऊन सोने काढत आली आहेत, आणि हे ऐकून सुट्टीत आपणही प्रयत्न करावा असे काही वाचकांना वाटते. सोने हे प्रमुख खनिज असल्यामुळे १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याच्या कलम ४ नुसार परवान्याशिवाय त्याचा शोध घेणेही मना आहे, आणि कलम २१ नुसार पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. छंद म्हणून केल्याने त्यातून सूट मिळत नाही.

मिळालेले सोने देताना

धुऊन मिळालेले सोने शुद्ध नसते. त्यात चांदी, तांबे आणि डागाचा धातू मिसळलेला असतो, म्हणून केवळ वजनावर व्यवहार करू नये. शुद्धीकरण केंद्रात माल आपल्यासमोर गाळून घ्यावा, गाळण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन लिहून घ्यावे आणि कस क्ष-किरण यंत्रावर पाहून त्याची छापील पावती मागावी. झारा न धुता न्यारियाला उक्ता विकायचा असेल, तर तो नीट ढवळून मूठभर नमुना वेगळा धुऊन पाहावा, म्हणजे सौदा अंदाजावर अवलंबून राहत नाही. कारखान्याच्या साठा-वहीत परत मिळालेले सोने स्वतंत्र ओळीवर दाखवावे. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याने मना असल्यामुळे मोठ्या सौद्याचे पैसे बँकेतूनच घ्यावेत, आणि पावतीवर "कारखान्याच्या झाऱ्यातून मिळालेले" असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.